खिडक्या तीन, बाई एकच

किनाऱ्यावरच्या एका वाडीतली बाई. सहावा महिना. पहाटे चारला उठायचं, पाटी घेऊन बंदरावर जायचं, लिलावात मासळी घ्यायची आणि पहिल्या एसटीने बाजार गाठायचा, हा तिचा रोजचा क्रम. निघण्याआधी चहाचा घोटसुद्धा नाही, गोळ्या मात्र नेमाने. लोहाची लाल गोळी, कॅल्शियमची पांढरी आणि एका डबीतली तिसरी. डबीवरचं लेबल तिने नखाने खरवडून काढलेलं. सासूला ती ‘ताकदीची गोळी’ म्हणून ठाऊक. तिन्ही गोळ्या एकदमच, रिकाम्या पोटी, विसरायला नको म्हणून.

तिसरी गोळी एचआयव्हीची होती. तिला टीएलडी म्हणतात. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं एकाच गोळीत असतात. यातलं डोल्युटेग्राविर रिकाम्या पोटी लोह किंवा कॅल्शियमबरोबर घेतलं की पोटातच त्यांना चिकटून बसतं आणि रक्तात कमी उतरतं. बाई एक दिवसही न चुकता औषध घेत होती, आणि ते तिला पुरतं लागू पडत नव्हतं.

चूक कोणाची म्हणायची? लोहाच्या गोळ्या देणाऱ्या सिस्टरला त्या डबीचा पत्ता नव्हता. डबी देणाऱ्याने ‘रोज एक, चुकवू नका’ असं बजावलं होतं, ते बरोबरच होतं. कॅल्शियम देणाऱ्यानेही आपलं काम चोख केलं होतं. तिन्ही खिडक्यांवर काम ठीक चाललं होतं. तिन्ही खिडक्यांवर उभी राहणारी बाई एकच आहे, हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

एचआयव्हीची सेवा आणि गरोदरपण, बाळंतपण, कुटुंबनियोजन, गुप्तरोग या सेवा एकत्र आणण्याला सरकारी कागदावर ‘एकात्मीकरण’ म्हणतात. शब्द वाचूनच जांभई येते. आशाताई आणि एएनएमच्या प्रशिक्षणांत मी तो इतक्यांदा ऐकला आहे की त्याचा अर्थ या बाईच्या गोळ्यांइतका साधा असेल, असं मलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं. पुढे जे लिहितो आहे ते धोरण करणाऱ्यांसाठी नाही. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर जी बाई दवाखान्याची पायरी चढते तिच्यासाठी, तिच्या नवऱ्यासाठी आणि तिला घेऊन जाणाऱ्या आशाताईसाठी आहे. व्यवस्था एकत्र येईल तेव्हा येईल. तोवर कुठल्या खिडकीवर काय विचारायचं आणि काय सांगायचं, एवढं जरी हाताशी असलं तरी बरंच काम होतं.

बाक रिकामं का असतं

कुठल्याही तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बुधवारी-गुरुवारी सकाळी जाऊन बसा. गरोदर मातांच्या तपासणीपुढे रांग दारापर्यंत आलेली असते. बायका फरशीवर बसलेल्या, पोरं रडताहेत, कोणीतरी कोणाच्या तरी केसपेपरवर नंबर घालून घेतंय. पाचसहा दारं सोडून लाल फितीची पाटी असते. आत समुपदेशक असतो किंवा असते, चाचणीची सोय असते, गुप्तता असते, सगळं फुकट असतं. बाहेरच्या बाकावर मात्र कोणी नसतं. बसणार कोण? मुरुडसारख्या गावात रांगेतली प्रत्येक बाई दुसरीच्या सासरचं आडनाव सांगू शकते. त्या बाकावर बसणं म्हणजे संध्याकाळपर्यंत आळीभर चर्चा.

एचआयव्हीच्या दाराशी स्वतःहून फार थोडी माणसं जातात. पाळी चुकली, अंगावरून पांढरं जातंय, तांबी बसवायची आहे, मूल होत नाही, पोरीची पाळी अनियमित आहे, यासाठी मात्र जवळजवळ प्रत्येक बाई कधी ना कधी दवाखान्यात येतेच. म्हणून ज्या दाराने ती येते त्याच दारात एचआयव्हीची गोष्ट निघायला हवी, रक्तदाब बघण्याइतक्या सहजपणे.

याला एक आक्षेप आहे, आणि तो मला खरा वाटतो. सगळं एकत्र केलं की गुप्तता राहील का? गावातली आशाताई ही गावातलीच असते. कधीकधी ती जाऊच असते. आयसीटीसीतला, म्हणजे त्या लाल फितीच्या खोलीतला, समुपदेशक निदान परका असतो, आणि ऐकून घेणं हेच त्याचं काम असतं. सेवा जोडण्याच्या नावाखाली समुपदेशकाची खुर्चीच काढून घ्यायची आणि त्याचं काम आधीच सतरा रजिस्टरं लिहिणाऱ्या सिस्टरच्या गळ्यात घालायचं, असं होणार असेल तर ते नको. समुपदेशकाने उठून गरोदर मातांच्या खोलीत बसावं, हे मला पटतं. पाटी काढावी, माणूस ठेवावा.

तुमच्यापुरतं एवढं लक्षात ठेवा की निदान कोणाला सांगायचं हे तुम्ही ठरवायचं असतं. आशाताईने तुम्हाला रुग्णालयात आणलं म्हणून तिला निकाल कळवलाच पाहिजे असं नाही. ‘माझा रिपोर्ट मला एकटीलाच सांगा’ हे वाक्य सासू, नवरा, आई कोणीही शेजारी असलं तरी बोलता येतं. समुपदेशक बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगतो. ते त्याच्या कामातच येतं.

पाळी चुकली की

जितक्या लवकर नाव नोंदवाल तितकं बरं. बारा आठवड्यांच्या आत नोंदवाल तर उत्तम. पहिल्याच रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, कावीळ-बी यांच्याबरोबर एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन चाचण्या झाल्या पाहिजेत. आता बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर या दोन्ही एकाच किटमध्ये होतात. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला डॉक्टर असतात, तेव्हाही त्या होतात. रिपोर्ट हाती आल्यावर ‘सगळं नॉर्मल आहे’ एवढ्यावर उठू नका. दोन्ही चाचण्या खरंच झाल्या का, ते नाव घेऊन विचारा. सिफिलिसचं नाव फारसं कोणी काढत नाही, पण पोटातल्या बाळाला तो जिवावर बेततो, आणि वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने टळतो. नवऱ्यालाही उपचार द्यायचे असतात, नाहीतर लागण परत होऊ शकते.

चाचणी संमतीनेच करायची असते, असं कायदा सांगतो. खासगी नर्सिंग होममध्ये पुष्कळदा न विचारताच रक्त पाठवतात आणि रिपोर्ट सासूच्या हातात पडतो. म्हणून रक्त देतानाच विचारा, यात कुठल्या चाचण्या आहेत आणि रिपोर्ट कोणाला देणार. खासगीत पॉझिटिव्ह आला तर घाबरून दवाखाना बदलत फिरू नका. सरकारी केंद्रात तीन वेगवेगळ्या किटवर तपासूनच निदान पक्कं करतात. एकाच किटवरच्या रिपोर्टवरून आयुष्याचा निकाल लावायचा नसतो.

आणि निदान पक्कं झालं तर? इथे थोडं मागे जातो, कारण बायकांच्या मनात अजून जुनाच काळ आहे. भारतात एचआयव्हीचं निदान पहिल्यांदा 1986 मध्ये झालं. त्यानंतर सतरा-अठरा वर्षं सरकारी दवाखान्यात त्यावर देण्यासारखं औषध नव्हतं. मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, 1 एप्रिल 2004 ला सुरू झालं, तेव्हा मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या काही केंद्रांपैकी होतं. आमच्याकडच्यांना त्या दिवसांत औषधासाठी मुंबई गाठावी लागे. आता अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. 2014 पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला ताबडतोब आणि आयुष्यभर औषध देण्याचं धोरण आहे, आणि 2017 पासून ते सगळ्याच बाधितांना लागू आहे. पूर्वी रक्तातल्या पेशींचा आकडा खाली उतरायची वाट बघत. ते आता नाही.

बाळाचं काय, हा पहिला प्रश्न असतो. काहीच उपचार घेतले नाहीत तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. आईने वेळेत औषध सुरू केलं, बाळालाही औषध मिळालं, तर हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येतं, नीट उपचार झाले तर दोनाच्याही खाली. म्हणून ‘पोट साफ करून घ्या’ असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकायची गरज नाही. गर्भपात करायचा की नाही, पुढे ऑपरेशन करायचं की नाही, हे बाईने ठरवायचं आहे. तिच्या संमतीशिवाय यातलं काही करता येत नाही, हे 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

आता गोळ्यांचं वेळापत्रक. वर सांगितलेल्या बाईसारख्या तुमच्याकडेही तिन्ही गोळ्या असतील तर एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. एक सोपी रचना अशी: पहाटे घराबाहेर पडताना टीएलडी, पुढे दोन-अडीच तासांनी न्याहारीबरोबर कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी लोह, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियमही एकत्र घेऊ नये, ते एकमेकांच्या वाटेत येतात. ज्यांना इतक्या वेळा पाळणं जमत नाही त्यांना टीएलडी भरल्या पोटी, जेवणाबरोबर लोह-कॅल्शियमसोबत घेता येते. रिकाम्या पोटी तिन्ही एकत्र मात्र नको. वेळ बदलण्याआधी एआरटी केंद्रात एकदा बोलून घ्या, कारण क्षयाचं औषध चालू असेल तर टीएलडीच्या जोडीला डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी लागते, आणि अॅसिडिटीच्या काही औषधांचंही लोहासारखंच आहे.

हे कोणाला विचारायचं, असं वाटत असेल तर एक युक्ती सांगतो. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा. नावं पाठ असण्याची गरज नाही. गोळ्या समोर आल्या की डॉक्टरलाही तीन खिडक्यांवरची बाई एकदम दिसते.

माहेर, सासर आणि डबी

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासर रोह्याला, माहेर बोर्लीपंचतनला. सातव्या महिन्यात बाई निघते. कपडे जातात, डोहाळजेवणाची साडी जाते, माता-बाल संरक्षण कार्डही जातं, पण एआरटीचा धागा बहुतेकदा इथेच तुटतो. माहेरी कोणाला माहीत नसतं. डबी तीस दिवसांची असते. एकतिसाव्या दिवशी अलिबागला जायचं तर म्हसळा-श्रीवर्धनकडच्या माणसाचा अख्खा दिवस मोडतो, दिघीहून आगरदांड्याची फेरीबोट धरली तरीसुद्धा.

निघण्याआधी दोन आठवडे एआरटी केंद्रात सांगा की मी बाळंतपणाला जाते आहे. औषध जास्त दिवसांचं मागा. प्रकृती स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांचं एकदम देतात. तुमच्या माहेरच्या भागात लिंक एआरटी केंद्र कुठे आहे ते विचारा, चिठ्ठी घ्या. तुमची एआरटीची हिरवी पुस्तिका जवळ ठेवा, ती दाखवली की दुसऱ्या केंद्रातही औषध मिळतं. हाच सल्ला कातकरी वाड्यांतल्या बायकांसाठी शंभरपट महत्त्वाचा आहे. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गरोदरपणाचे निम्मे महिने त्यातच जातात. आशाताईंनो, वाडीतल्या गरोदर बायकांची यादी दिवाळीच्या आधी हातात घ्या. मुकादम कुठे नेतो आहे हे तेव्हा विचारलं तर कळतं, नंतर कोणी सांगत नाही.

बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोडची तपासणी झाली पाहिजे. रक्तात विषाणू किती आहेत ते त्यावरून कळतं, आणि बाळाला कोणतं औषध किती आठवडे द्यायचं हे त्यावर ठरतं. ही तपासणी कोणी करत नसेल तर तुम्ही विचारा. सगळ्या लेखातून एकच प्रश्न पाठ करायचा झाला तर हा करा.

बाळंतपण कुठल्याही रुग्णालयात होऊ शकतं. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन लागत नाही, आणि ‘आमच्याकडे सोय नाही, मुंबईला न्या’ असं म्हणून दारातून परत पाठवणं हा भेदभाव आहे. कळा सुरू झालेल्या बाईला मुंबईच्या रस्त्याने पळवणं काय असतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. जिची चाचणी आधी झालेलीच नाही तिची चाचणी प्रसूतीच्या खोलीतही करता येते, आणि तेव्हाही औषधाचा उपयोग होतो.

बाळाचे अठरा महिने

जन्मल्याबरोबर नेव्हिरापिनचं सरबत सुरू होतं. सहा आठवडे बाळाला रोज नेव्हिरापिन दिल्याने दुधातून होणारी लागण कमी होते का, हे तपासणाऱ्या अभ्यासात इथिओपिया आणि युगांडाबरोबर पुण्याच्या मातांनीही भाग घेतला होता. त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये लॅन्सेटमध्ये आले. ससूनच्या आवारात तान्ही बाळं घेऊन बसलेल्या त्या बायकांची नावं कोणाला माहीत नाहीत. आज आपल्या बाळांना मिळणाऱ्या थेंबांत त्यांचाही वाटा आहे, असं मला ते सरबत पाहताना नेहमी वाटतं.

सहा आठवड्यांनी बाळाचं पहिलं पेंटाव्हॅलेंट इंजेक्शन असतं. त्याच वेळी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन एचआयव्हीची पहिली तपासणी करायची असते. एरवी बाई लसीला एका दिवशी आणि तपासणीला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावी जाते, किंवा जातच नाही. लसीच्या तारखेलाच हे जमवता येईल का, असं आधी फोन करून समुपदेशकाला विचारा. पुढे सहा महिने, बारा महिने आणि शेवटची तपासणी अठरा महिन्यांनी. पहिली निगेटिव्ह आली की बायका सुटलो म्हणतात आणि अठरा महिन्यांची राहून जाते. अंगावर पाजणं संपेपर्यंत धोका पूर्ण संपत नाही, म्हणून ती शेवटची महत्त्वाची. सहाव्या आठवड्यापासून कोट्रायमोक्साझोलही द्यायचं असतं, ते विसरू नका.

पाजायचं की नाही? पाजायचं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. गोंधळ घालतात ते घरातले मोठे. जायफळ-वेखंड उगाळलेली घुटी, बोटावरचा मध, उन्हाळ्यात चमचाभर पाणी, दूध कमी पडतंय म्हणून वरचं गाईचं. आईचं दूध आणि वरचं यांची सरमिसळ ही दोन्हीपेक्षा धोक्याची, कारण वरच्या गोष्टींनी बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते. सासूला एचआयव्ही सांगायची गरज नाही. ‘डॉक्टरांनी सहा महिने घुटी बंद सांगितली आहे’ एवढं पुरतं, आणि ते प्रत्येक बाळाच्या बाबतीत खरंच आहे.

तांबी, इंजेक्शन, पांढरं जाणं

एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भनिरोधनासाठी तांबी, अंतरा इंजेक्शन, गोळ्या यांतलं बहुतेक सगळं चालतं. टीएलडीमुळे यांचा परिणाम कमी होत नाही. काही जुनी एचआयव्हीची औषधं आणि क्षयाचं रिफॅम्पिसिन मात्र गर्भनिरोधक गोळ्यांना कमकुवत करतात, तेव्हा काय चालू आहे ते सांगा. अंतरासारख्या इंजेक्शनने एचआयव्हीचा धोका वाढतो अशी शंका बरीच वर्षं होती. आफ्रिकेत झालेल्या आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात इंजेक्शन, तांबी आणि इम्प्लांट यांच्यात मोठा फरक आढळला नाही. पण यांपैकी कशानेच लागण थांबत नाही, त्याला निरोधच लागतो. तो उपकेंद्रात फुकट असतो. मागायला जीभ रेटत नाही हे खरं, म्हणून काही ठिकाणी दाराशी पेटी ठेवतात, तशी तुमच्या उपकेंद्रात ठेवायला सांगा.

अंगावरून पांढरं जाणं हे बायकांच्या तक्रारीत सगळ्यात वरचं आणि सांगण्यात सगळ्यात शेवटचं. थोडं जाणं स्वाभाविक असतं. वास, खाज, रंग बदलणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला आग, खाली फोड किंवा जखम, यांतलं काही असेल तर गुप्तरोगांसाठीच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये दाखवा. लक्षणांनुसार ठरलेली रंगीत किटं तिथे मोफत मिळतात. अशा जखमेतून एचआयव्ही सहज शिरतो, म्हणून त्याच भेटीत एचआयव्हीची चाचणी मागून घ्या. नवऱ्याला औषध न देता एकट्या बाईला देणं म्हणजे गळक्या होडीतलं पाणी उपसत बसणं.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचआयव्ही असलेल्या बायकांत सुमारे सहापट जास्त आढळतो. तरी एआरटीवरच्या किती बायकांना पिशवीच्या तोंडाची तपासणी कुठे होते हे कोणी सांगितलेलं असतं? पंचविशीनंतर ती दर तीन ते पाच वर्षांनी करावी. व्हिनेगरसारखं पातळ द्रावण लावून काही मिनिटांत होते, फारसं दुखत नाही. पुढच्या वेळी औषध घ्यायला जाल तेव्हा विचारा, ‘माझी ती तपासणी कधी?’

एक गोष्ट या सगळ्याबाहेरची, पण घड्याळ तिचंच सर्वात कडक. जबरदस्ती झाली असेल तर 72 तासांच्या आत, आणि शक्य तर पहिल्या दोन तासांतच, एचआयव्ही टाळणारं औषध सुरू करता येतं. ते 28 दिवस घ्यायचं. कुठलंही रुग्णालय, खासगीसुद्धा, अशा वेळी मोफत उपचार नाकारू शकत नाही. पोलिसांकडे जायचं की नाही याचा निर्णय नंतर झाला तरी चालेल, आधी दवाखाना गाठा.

हक्क, थोडक्यात

वर उल्लेख केलेला कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरी, शाळा, भाड्याचं घर, दवाखाना, विमा यांत एचआयव्हीमुळे भेदभाव करता येत नाही. वीस किंवा त्याहून अधिक माणसं काम करतात अशा आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असावाच लागतो. नवऱ्याला सांगण्याबाबतही कायद्याने विचार केला आहे: सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी सार्थ भीती असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाने त्याला परस्पर कळवायचं नाही. तुम्हाला तशी भीती असेल तर ती समुपदेशकाकडे स्पष्ट बोला, ती केसपेपरवर येऊ द्या. मोफत माहितीसाठी 1097 हा क्रमांक आहे, दिवसरात्र, आणि तिथे नाव सांगावं लागत नाही.

आणि पुरुष

सारा भार बाईवर टाकून हा लेख संपवणं सोपं होतं, कारण दवाखान्यात तीच येते. तिची चाचणी होते, म्हणून निदान तिचं आधी होतं, आणि मग ‘हिनेच आणलं’ असा ठपका येतो. नवराबायकोची चाचणी एकाच वेळी केली की या भांडणाला निदान सुरुवात मिळत नाही.

एकाला असेल आणि एकाला नसेल तरी संसार मोडायची गरज नाही. लवकर सुरू केलेल्या औषधाने जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते, हे 2011 मध्ये सिद्ध झालं. त्या अभ्यासात नऊ देशांतली 1763 जोडपी होती आणि त्यांतली काही पुण्याच्या केंद्रातली होती. पुढच्या अभ्यासांनी त्याही पुढे जाऊन सांगितलं की रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो जातच नाही. मूल हवं असेल तर याच टप्प्याची वाट बघायची, डॉक्टरशी बोलून.

पुरुषांना दवाखान्यात आणायचं कसं, हा खरा प्रश्न. न्हाव्याशेव्याच्या बंदराभोवती ट्रकचालकांसाठी कार्यक्रम चालतात, पण त्यांच्या गावी राहिलेल्या बायकांपर्यंत ते पोचत नाहीत. खलाशी दहा-बारा दिवस खोल समुद्रात असतो; ओपीडी त्याच्यासाठी थांबत नाही. औषध घेणाऱ्या खलाशाने बोट निघण्याआधी मोजून घ्यावं: जितके दिवस बाहेर, त्याहून पाच जास्त गोळ्या, झाकण घट्ट असलेल्या डबीत, बर्फाच्या खणापासून दूर. बोटीवर विचारलंच कोणी तर पित्ताची गोळी म्हणून सांगून मोकळं व्हावं.

कोळ्यांना किंवा ट्रकवाल्यांना हा आजार जास्त, असं म्हणायचं नाही. जो महिनोन्महिने घराबाहेर असतो त्याच्यापर्यंत दवाखाना पोचत नाही, एवढंच आहे. आणि इथे मला वाटतं किनाऱ्याकडे एक सोय आहे जी घाटावर नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी रेतीवर ओढलेल्या, त्यांच्यावर प्लास्टिकचे कागद, आणि पडवीत बसून जाळी विणणारे, शिवणारे पुरुष. उपकेंद्राने, मच्छीमार सोसायटीने, ग्रामपंचायतीने गरोदर मातांच्या तपासणीचा एक दिवस याच आठवड्यांत नवऱ्यांसाठी ठेवावा. रक्तदाब, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, सगळं एकाच टेबलावर, एकाच केसपेपरवर, पाटी न लावता. संध्याकाळी ठेवावा, सकाळी नको. सोसायटीच्या चेअरमनने आधी स्वतःचं बोट पुढे करावं. बाकीचे आपोआप उठतात, हे मी एका वाडीत पाहिलं आहे. दुपारी कोणी फिरकलं नव्हतं, दिवेलागणीनंतर रांग लागली आणि किट संपली.

ऑगस्ट उजाडला की बर्फ-डिझेल भरायची घाई सुरू होते, नारळीपौर्णिमेला दर्यात नारळ पडतो. त्याआधी आठ आठवडे हे सगळे घरी असतात.